दुकानं वाढली, विक्री वाढली, तरी १०० रुपयांमागे उरले फक्त ४९ पैसे! मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या कंपनीचा नफा गेला कुठे?

मॉलमधल्या मॅकडोनाल्ड्ससमोरची रांग बघितली की आपल्या डोक्यात एकच विचार येतो. ‘काय छापत असतील राव हे लोक!’

आता जरा आकडा बघा. आपल्या भागात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या कंपनीने २०२४-२५ या आर्थिक वर्षात जवळपास २,४९१ कोटी रुपयांची विक्री केली. कंपनीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी विक्री. आणि सगळे खर्च, व्याज, कर वजा जाऊन हातात निव्वळ नफा किती उरला? साधारण १२ कोटी.

म्हणजे तुम्ही काउंटरवर १०० रुपये दिले, तर त्यातले कंपनीच्या खिशात राहिले ४९ पैसे.

दोनच वर्षांपूर्वी याच १०० रुपयांमागे ४ रुपये ९० पैसे उरत होते. मधल्या काळात कंपनी छोटी झाली नाही, उलट मोठी झाली. दुकानं वाढली, शहरं वाढली, विक्री वाढली. मग नफ्याचं असं काय झालं?

वाढत्या हॉटेल चेनचा धंदा आतून कसा चालतो, हे या एका उदाहरणातून फार छान समजतं. शेअर बाजारात पैसे लावणाऱ्यांनी ते समजून घ्यावंच. पण कुणी चहाची किंवा वडापावची फ्रँचायझी घ्यायच्या विचारात असेल, तर त्यानेही घ्यावं.

आधी कंपनी कोणती ते बघू

मॅकडोनाल्ड्स हा ब्रँड अमेरिकेचा. भारतात तो आला १९९६ साली. पण इथली दुकानं अमेरिकेतली कंपनी स्वतः चालवत नाही. पश्चिम आणि दक्षिण भारतातला धंदा आहे मुंबईच्या वेस्टलाइफ फूडवर्ल्ड या कंपनीकडे. ही शेअर बाजारात लिस्टेड कंपनी आहे आणि प्रत्यक्ष दुकानं चालवते तिचीच उपकंपनी, हार्डकॅसल रेस्टॉरंट्स. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडू, केरळ ही सगळी राज्यं त्यांच्याकडे येतात. उत्तर आणि पूर्व भारतातली दुकानं दुसऱ्या कंपनीकडे आहेत.

म्हणजे पुणे, नाशिक किंवा पणजीत तुम्ही बर्गर खाल्ला, तर बिलाचे पैसे जातात वेस्टलाइफच्या गल्ल्यात. त्यातला ठरलेला हिस्सा रॉयल्टी म्हणून ब्रँडच्या मालकाला जातो. धंदा तोट्यात असला तरी रॉयल्टी द्यावी लागते, कारण ती विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही.

तीन वर्षांचं प्रगतीपुस्तक

आता एका खाली एक आकडे ठेवून बघू.

२०२२-२३ : विक्री सुमारे २,२७८ कोटी, निव्वळ नफा सुमारे ११२ कोटी, वर्षअखेर दुकानं ३५७.

२०२३-२४ : विक्री सुमारे २,३९२ कोटी, निव्वळ नफा सुमारे ६९ कोटी, दुकानं ३९७.

२०२४-२५ : विक्री सुमारे २,४९१ कोटी, निव्वळ नफा सुमारे १२ कोटी, दुकानं ४३८.

पहिला आकडा दरवर्षी वर जातोय. शेवटचाही दरवर्षी वर जातोय. आणि मधला मात्र जिना उतरावा तसा खाली येतोय.

त्यामुळे या निकालावर दोन बातम्या होऊ शकतात. एक, ‘कंपनीची विक्रमी विक्री, वर्षभरात ४१ दुकानांची भर’. दुसरी, ‘कंपनीचा नफा ८२ टक्क्यांनी घसरला’. दोन्ही खऱ्या आहेत. तुमच्या मोबाइलवर कोणती येते, यावर तुमचं मत ठरतं.

पण खरी गोष्ट या दोन्ही बातम्यांत नाही. ती शोधायला एक साधा भागाकार करावा लागतो.

एका दुकानाचा हिशोब

एकूण विक्रीला दुकानांच्या संख्येने भागायचं. दुकानं वर्षभर उघडत असतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची संख्या घेऊन सरासरी काढायची. हिशोब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट दिसतं.

२०२२-२३ मध्ये एका दुकानाची सरासरी विक्री होती वर्षाला सुमारे ६ कोटी ६७ लाख. २०२४-२५ मध्ये ती आली सुमारे ५ कोटी ९७ लाखांवर.

दिवसाचा गल्ला काढला, तर १ लाख ८३ हजारांवरून १ लाख ६३ हजार. म्हणजे प्रत्येक दुकानाचा रोजचा गल्ला जवळपास २० हजारांनी कमी झाला. आणि तोही महागाई वाढत असताना.

एकूण विक्री वाढली ती दुकानं जास्त झाली म्हणून. दुकानात शिरणारा पैसा वाढला म्हणून नाही.

नफ्याचा हिशोब तर अजून बोलका आहे. २०२२-२३ मध्ये एका दुकानामागे महिन्याला सरासरी पावणेतीन लाखांच्या आसपास निव्वळ नफा पडत होता. २०२४-२५ मध्ये तो पडला साधारण २४ हजार रुपये. एवढं मोठं दुकान, एवढा स्टाफ, ब्रँडचं एवढं नाव, आणि महिन्याकाठी शिल्लक एका साध्या पगाराइतकी.

गल्ला थोडा घटला, मग नफा एवढा कसा पडला?

प्रश्न रास्त आहे. एका दुकानाची विक्री साधारण १० टक्क्यांनी घटली, तर नफाही १० टक्क्यांनी घटायला हवा. तो ९० टक्क्यांहून जास्त कसा घटला?

याचं उत्तर आहे हॉटेल धंद्याच्या खर्चाच्या रचनेत.

कुठल्याही हॉटेलचे खर्च दोन जातीचे असतात. पहिला, विक्रीबरोबर वरखाली होणारा. पाव, पॅटी, चीज, तेल, कागदी पिशवी. बर्गर विकला नाही, तर हा खर्च होत नाही. दुसरा, विक्री होवो न होवो, ठरलेला. जागेचं भाडं, स्टाफचे पगार, एसीचं आणि फ्रीजरचं बिल, मशीनचा घसारा, कर्जाचं व्याज. दुकानात शंभर गिऱ्हाइकं आली काय किंवा ऐंशी, दिवे तेवढेच लागतात.

वेस्टलाइफच्या बाबतीत खाण्याच्या मालाचा आणि पॅकिंगचा खर्च विक्रीच्या साधारण ३० टक्के आहे. म्हणजे १०० रुपयांचा माल विकला की ढोबळमानाने ७० रुपये हातात उरतात. हे प्रमाण तिन्ही वर्षांत जवळपास तसंच टिकलं. त्यामुळे ‘कच्चा माल महागला म्हणून नफा बुडाला’ ही पळवाट इथे चालत नाही.

पण आता उलटा हिशोब करा. दिवसाचा गल्ला २० हजारांनी घटला, तर मालाचे वाचले फक्त ६ हजार. उरलेल्या १४ हजारांतून भाडं, पगार, वीज भागणार होती. ते खर्च काही घटले नाहीत. मग ही तूट भरून निघते थेट नफ्यातून.

म्हणून या धंद्यात विक्री थोडी वाढली की नफा भसाभस वाढतो आणि थोडी घटली की धाडकन पडतो. २०२१-२२ मध्ये हीच कंपनी किरकोळ तोट्यात होती. पुढच्याच वर्षी कोविडनंतर लोक बाहेर पडले आणि थेट ११२ कोटींचा नफा झाला. जो जिना चढवतो तोच उतरवतो.

नवीन दुकान उघडलं की खर्च आधी येतो, गिऱ्हाईक नंतर

दुसरं कारण आहे खुद्द वाढीचं.

नवीन दुकान उभं करायचं म्हणजे जागा भाड्याने घ्या, किचन बसवा, फ्रायर, फ्रीजर, फर्निचर, ऑर्डर घेणाऱ्या स्क्रीन आणा. वरून मॅककॅफे जोडा, हायवेला असेल तर गाडीतून ऑर्डर घ्यायची ड्राइव्ह-थ्रूची सोय करा. हा पैसा पहिल्याच दिवशी लागतो. गिऱ्हाइकाची सवय लागायला मात्र वेळ जातो.

हा खर्च हिशोबात दोन ठिकाणी दिसतो. एक म्हणजे घसारा. मशीन पाच-दहा वर्षं चालणार म्हणून तिची किंमत तेवढ्या वर्षांत थोडी थोडी वजा करत जायची. आणि दुसरं, व्याज.

इथे एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून भारतात इंड एएस ११६ हा हिशोबाचा नियम लागू झाला. त्याआधी जागेचं भाडं हे सरळ भाडं म्हणून खर्चात दिसायचं. आता लांब मुदतीचा भाडेकरार केला की पुढच्या सगळ्या वर्षांचं भाडं हे एक प्रकारचं कर्ज धरतात. त्यामुळे बरंचसं भाडं ‘भाडं’ या नावाने दिसत नाही. ते घसारा आणि व्याज या दोन नावांखाली जाऊन बसतं.

याचा परिणाम काय? कंपन्या निकालाच्या दिवशी ज्या ‘एबिटडा’चा गाजावाजा करतात, तो आकडा म्हणजे व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीची कमाई. म्हणजे हॉटेल कंपनीच्या एबिटडात तिचा एक मोठा खर्च, जागेचं भाडं, बऱ्याच अंशी धरलेलाच नसतो! तो आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे.

वेस्टलाइफमध्ये २०२२-२३ ला घसारा आणि व्याज मिळून साधारण २४५ कोटी होते. २०२४-२५ ला ते ३३० कोटींच्या आसपास पोचले. म्हणजे दोन वर्षांत ८५ कोटींची भर. आणि याच दोन वर्षांत विक्री वाढली २१३ कोटींनी. त्यातले मालाचे ३० टक्के काढले तर उरतात साधारण १५० कोटी. त्यातून हे ८५ कोटी गेले. राहिले ६५ कोटी. एवढ्या पैशांत सरासरी ७५हून जास्त नव्या दुकानांचे पगार, वीज, जाहिरात, रॉयल्टी आणि जुन्या दुकानांची दोन वर्षांची पगारवाढ भागवायची होती.

ते भागलं नाही. नफा गेला तो इथे.

त्यात जीएसटीचीही एक मेख आहे. नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक रेस्टॉरंटना गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यावा लागतो. आपल्याला ते बरं वाटतं, बिल कमी येतं. पण त्या बदल्यात रेस्टॉरंटला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे दुकानाच्या भाड्यावर किंवा मशीनवर त्यांनी जो जीएसटी भरला, तो परत वळता होत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. जितकी नवीन दुकानं, तितका हा बोजा जास्त.

पण जुन्या दुकानांतलं गिऱ्हाईक कुठे गेलं?

हॉटेल चेनची खरी तब्येत बघायला एक आकडा वापरतात. सेम स्टोअर सेल्स ग्रोथ. नवीन दुकानं बाजूला ठेवायची आणि जी दुकानं आधीपासून चालू आहेत, त्यांचीच विक्री मागच्या वर्षीच्या तुलनेत किती बदलली, ते बघायचं.

वेस्टलाइफचा हा आकडा २०२२-२३ मध्ये तब्बल ३६ टक्के होता. त्यात आधीच्या वर्षीच्या कोविडच्या निर्बंधांचा हात मोठा होता. पण ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीत तो उणे ९ टक्क्यांवर गेला. पुढच्या तिमाहीत उणे ५. मग उणे ६.७, मग उणे ६.५. सलग चार तिमाह्या जुन्या दुकानांतली विक्री घटत राहिली. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत तो अधिक २.८ वर आला आणि जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये अधिक ०.७ वर. घसरगुंडी थांबली, पण उसळी आली नाही.

अनेकांना इथे चीजचं प्रकरण आठवेल. तेव्हाच्या अहमदनगरमधल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, एका आउटलेटवर राज्याच्या एफडीएने चीजसदृश पदार्थाच्या मुद्द्यावरून कारवाई केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बातमी देशभर गाजली. कंपनीने आपण खरं चीजच वापरतो, अशी भूमिका घेतली. पण सगळं खापर त्या प्रकरणावर फोडता येत नाही. कारण विक्री त्याच्या आधीच्या तिमाहीतच घसरली होती.

मोठं कारण होतं शहरातल्या माणसाचा आखडलेला हात. ईएमआय, भाडं, शाळेची फी भागवून जे उरतं, त्यातून बाहेरचं खाणं होतं. ते उरणं कमी झालं की आधी विकेंडचा बर्गर कट होतो. त्यात मोबाइलवर पन्नास पर्याय. बिर्याणी, मोमो, शोरमा, घरगुती थाळी, सगळं अर्ध्या तासात दारात. कंपन्यांनी मग गिऱ्हाईक ओढायला स्वस्त कॉम्बो काढले. त्याने गर्दी येते, पण माणशी बिल कमी होतं.

तरी ‘सगळ्या बाजारातच मंदी होती’ असंही सरसकट म्हणता येत नाही. वेस्टलाइफची जुनी दुकानं २.८ टक्क्यांनी वाढली त्याच तिमाहीत, डॉमिनोजची जुन्या दुकानांतली विक्री १२.५ टक्क्यांनी वाढली होती. त्यांनी डिलिव्हरीचा चार्ज काढून टाकण्यावर जोर दिला होता आणि त्यांचा बराचसा धंदाच घरपोच पिझ्झ्याचा. दुसऱ्या टोकाला बर्गर किंग चालवणारी रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया. भारतात पाचशेच्या वर दुकानं झाली, पण इंडोनेशियाचा धंदा धरून २०२४-२५ चा तोटा दोनशे कोटींच्या पुढे. म्हणजे बाजार एकच, निकाल तीन तऱ्हेचे.

मग कंपनी दुकानं उघडणं थांबवत का नाही?

कारण थांबणंही परवडत नाही. चांगली जागा आज घेतली नाही, तर शेजारी बर्गर किंग किंवा केएफसी येऊन बसतं. शिवाय किचनपर्यंत माल पोचवणारी गोदामं, गाड्या, हेड ऑफिस हा खर्च जितक्या जास्त दुकानांत वाटला जाईल, तितका बरा.

वेस्टलाइफने २०२२ च्या अखेरीस जाहीर केलं होतं की २०२७ पर्यंत ५८० ते ६३० दुकानं आणि ४,००० ते ४,५०० कोटींची विक्री गाठायची. आता पुन्हा तोच भागाकार करू. ६०० दुकानं आणि ४,००० कोटी धरले, तर एका दुकानाची विक्री येते सुमारे ६ कोटी ६७ लाख.

आकडा ओळखीचा वाटला? ही २०२२-२३ ची सरासरी आहे. म्हणजे आखणी केली तेव्हा जी विक्री दर दुकानाला होत होती, किमान तेवढी तरी होत राहील, हे त्या गणितात गृहीत होतं. प्रत्यक्षात ती ६ कोटींच्या खाली आली. दुकानं उघडणं कंपनीच्या हातात असतं. दुकानात गिऱ्हाईक येणं नसतं.

अर्थात, याची दुसरी बाजूही खरी आहे. ठरलेले खर्च आता होऊन बसलेत. उद्या गल्ला पुन्हा वाढला, तर वाढीव १०० रुपयांतले मालाचे ३० गेले की उरलेल्यातला मोठा भाग नफ्यात पडेल. तेव्हा एका वाईट वर्षावरून कंपनी संपली म्हणणं जितकं चूक, तितकंच विक्रमी विक्री बघून कंपनी जोरात आहे म्हणणंही चूक.

निकालाची बातमी वाचताना हे पाच प्रश्न विचारा

एक, विक्री वाढली ती जुन्या दुकानांमुळे की नवीन दुकानांमुळे?

दोन, एका दुकानाची सरासरी विक्री वर जातेय की खाली?

तीन, विक्री किती टक्के वाढली आणि दुकानं किती टक्के? इथे विक्री वाढली ४ टक्के आणि दुकानं १० टक्के. एवढ्यावरच अर्धा निकाल कळतो.

चार, एबिटडाच्या खाली घसारा आणि व्याज किती आहे?

पाच, १०० रुपयांच्या विक्रीमागे शेवटी उरतात किती?

हे प्रश्न फक्त शेअरवाल्यांसाठी नाहीत. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गावोगाव अमृततुल्यच्या, वडापावच्या, मिसळीच्या फ्रँचायझी निघाल्या. ‘आमच्या इतक्या शाखा झाल्या’ हे बोर्डावर मोठ्या अक्षरांत असतं. कुणी वडिलांचा पीएफ, कुणी जमिनीचे आलेले पैसे घालून दुकान टाकतं. पण शाखांची संख्या ही ब्रँडची कमाई सांगते, तुमच्या दुकानाची नाही. फ्रँचायझीची फी आणि माल तर ब्रँडवाला विकून मोकळा होतो. भाडं, पगार आणि लाइटबिल तुमच्या नावावर राहतं.

साडेचारशेच्या आसपास दुकानं, जगातला एक मोठा ब्रँड आणि जवळपास तीस वर्षांचा अनुभव असलेल्या कंपनीलाही रोजचा गल्ला २० हजारांनी कमी झाला तर नफा वाचवता आला नाही. तेव्हा फ्रँचायझीच्या कागदावर सही करण्याआधी ‘तुमच्या शाखा किती’ हे विचारू नका. ‘तुमच्या दोन वर्षं जुन्या दुकानाचा रोजचा गल्ला किती आणि खर्च जाऊन उरतात किती’ हे विचारा. समोरचा हिशोबाची वही उघडून दाखवायला तयार असेल, तरच पुढचं बोलणं करा.